मारियुस पेटिपा: झारच्या पगारपत्रकावरचा फ्रेंच नर्तक

‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘स्वान लेक’, ‘ला बायादेर’ ही नावं घेतली की डोळ्यांपुढे रशिया उभा राहतो. हे बॅले बसवणारा मारियुस पेटिपा मात्र मार्सेयचा. जन्म ११ मार्च १८१८, बाप बॅले मास्टर, म्हणजे बॅले बसवणारा आणि नर्तकांच्या तालमी घेणारा; आई नटी. थोरला भाऊ लुसियाँ पॅरिस ऑपेरात पहिल्या फळीचा नर्तक होता, त्यामुळे धाकट्याला तिथे फारसा वाव नव्हता. ब्रुसेल्स, नांत, बोर्दो, माद्रिद अशी भटकंती करून तो १८४७ च्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गला उतरला.

तिथली जागा फ्रेंच माणसासाठी जणू राखीवच होती. १७३८ मध्ये सम्राज्ञी आन्ना इवानोव्हनाने जाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाला राजवाड्यातल्या नोकरांची १२ मुलं आणि १२ मुली दिल्या आणि शाळा सुरू करून दिली. पुढे बॅले मास्टर म्हणून दिदलो आला, मग पेरो, मग सँ-लेऑं, सगळे फ्रेंच घडणीचे. पेटिपाला बोलावणं आलं ते एका फ्रेंच नर्तकाची जागा रिकामी झाली म्हणून. करार वर्षाचा, वर्षाला १०,००० फ्रँक आणि एका बेनिफिट खेळाचं अर्धं उत्पन्न. बेनिफिट म्हणजे ज्या खेळाची कमाई कलाकाराच्या खिशात जाते तो खेळ.

इंपीरियल थिएटर्स, म्हणजे झारची नाटकगृहं, हे दरबार मंत्रालयाचं खातं होतं, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पेटिपाचं आयुष्य नीट कळत नाही. शाळेत मुली लहानपणी दाखल होत, तिथेच राहत, शिकून बाहेर पडल्या की थेट पगारावर. मग समूहनर्तकी, कोरिफे (समूहात पुढे नाचणारी), सोलिस्ट (एकटीने नाचणारी), बॅलेरिना (प्रमुख नर्तकी) अशी चढण. २० वर्षांची नोकरी झाली की पेन्शन. एकाच शाळेत एकाच पद्धतीने घडलेल्या इतक्या नर्तकी पॅरिसच्या खासगी ठेकेदारालाही जमवता आल्या नसत्या.

चढण पेटिपालाही चुकली नाही. मुख्य बॅले मास्टरची खुर्ची एकच, आणि तिच्यावर आधी पेरो, नंतर सँ-लेऑं. जानेवारी १८६२ मध्ये सहा आठवड्यांत उभा केलेला ‘फेरोची मुलगी’ (फेरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा) हा बॅले गाजला, त्यात नायकही पेटिपाच होता. तेव्हा कुठे दुय्यम बॅले मास्टरचं पद मिळालं. मुख्य पद मिळालं १८७१ मध्ये, सँ-लेऑंच्या मृत्यूनंतर. पीटर्सबर्गला येऊन तोवर २४ वर्षं झाली होती. रशियन भाषा त्याला शेवटपर्यंत मोडकीतोडकीच येत होती. बॅलेची परिभाषा मुळात फ्रेंच, म्हणून तालमी अडल्या नाहीत.

काम घरातल्या टेबलावर सुरू होई. लहान बाहुल्या मांडायच्या, रांगा हलवून पाहायच्या, पटलं की कागदावर उतरवायचं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी फुली. तालमीला पियानो नसे, व्हायोलिनवर भागवत.

‘ला बायादेर’ जानेवारी १८७७ मध्ये आला. देवदासी निकिया, योद्धा सोलोर आणि गोवळकोंड्याचा राजा दुग्मंता. बरोबर २०० वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज गोवळकोंड्याला गेले तेव्हा तिथे राजा नव्हता, कुतुबशहा होता. पण पीटर्सबर्गला त्याचं काय! दुग्मंता हे नाव दुष्यंताच्या फार जवळचं आहे, आणि लुसियाँने पॅरिसला १८५८ मध्येच ‘शाकुंतला’ बसवला होता.

यातला खरा ऐवज म्हणजे ‘छायांचा प्रवेश’. उतारावरून पांढऱ्या वेशातल्या नर्तकी एकीमागून एक उतरतात. प्रत्येकीचा क्रम तोच: एका पायावर तोल, दुसरा पाय मागे ताठ, धड पुढे, मग वजन मागे घेत हात वर नेऊन कमरेतून मागची लवण, मग पुढची पावलं. १९०० च्या पुनरुज्जीवनात अशा ४८ होत्या. आज ३२ किंवा २४ वर भागवतात. तंत्र साधं दिसतं आणि तिथेच घात होतो. सर्वांत आधी उतरणारीला तोच झुकाव सर्वांत जास्त वेळा, त्याच पायावर करायचा असतो. उतारावर वजन आपोआप पुढे ढळतं, लय संथ असल्याने घोटा थरथरला की लपत नाही. एकीचा मागचा पाय चार बोटं जास्त वर गेला तरी सगळी रांग वाकडी दिसते. पेन्शनीच्या नोकरीत वर्षानुवर्षं एकत्र घोटलेला समूह हाताशी होता, म्हणूनच हा प्रवेश सुचणं परवडलं.

संगीतकारही पगारीच. मिंकुस हा अधिकृत बॅले-संगीतकार, सांगितलं तेवढं लिहून देणारा. १८८६ मध्ये ते पद रद्द झालं आणि इंपीरियल थिएटर्सचा संचालक व्सेवोलोझ्स्की याला चायकोव्हस्कीसारख्या बाहेरच्या संगीतकाराला बोलावता आलं. पेटिपाने त्यालाही मात्रांच्या आवर्तनांचा हिशेब लिहूनच दिला. ‘नटक्रॅकर’मध्ये ख्रिसमसचं झाड वाढतं तिथे मागणी आहे ४८ बारची (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन), चढत जाणाऱ्या संगीताची. झाड वर खेचायला पडद्यामागच्या माणसांना वेळ लागतो; संगीत आधी संपलं तर झाड शांततेत कुरकुरत वर जाणार. १८९२ मध्ये पेटिपा आजारी पडला आणि तो बॅले बसवला त्याचा दुय्यम, इवानोव्हने.

१९०१ मध्ये तेल्याकोव्स्की संचालक झाला आणि त्याचं म्हाताऱ्याशी पटलं नाही. १९०३ चा ‘जादूचा आरसा’ पडला आणि पेटिपाची सद्दी संपली. १९१० च्या जुलैमध्ये क्रिमियातल्या गुर्झुफला तो वारला.

त्याच्या बॅलेंची नोंद स्तेपानोव पद्धतीच्या चिन्हलिपीत सुरू झाली होती. क्रांतीनंतर रंगमंच-व्यवस्थापक निकोलाय सेर्गेयेव ती बाडं घेऊन देशाबाहेर पडला आणि १९३९ मध्ये लंडनला त्यांवरून ‘स्लीपिंग ब्यूटी’ बसवला. आज ती हार्वर्ड विद्यापीठात आहेत. बऱ्याच पानांवर पायांच्या हालचाली आणि जमिनीवरचा आराखडा आहे; हातांची जागा कोरी आहे.