गॉसियन गाभा म्हणजे जास्त मऊ गोळा नव्हे

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत दरवर्षी ठरलेलं वाक्य: "सर, गॉसियन कोअर म्हणजे सॉफ्ट स्फिअरच, फक्त जरा जास्त मऊ." नाही हो. दोन्ही कण एकमेकांना कसे ढकलतात याची गणिती मॉडेल्स आहेत, पण इथे कमी-जास्त काही नाही, जातच वेगळी.

कडक गोळे सगळ्यांना पाठ असतात: सिग्माच्या (गोळ्याच्या व्यासाच्या) आत प्रवेश बंद. मऊ गोळ्यांत त्या भिंतीच्या जागी ऊर्जेचा चढ असतो, अंतराच्या व्यस्त घाताचा, बहुधा १२ व्या. घातांक वाढवत गेलात की पुन्हा कडक गोळे. कटऑफ (ज्या अंतरापुढे बल शून्य धरायचं ते) कुठे घेतला वगैरे किरकोळ आहे, त्यावर पानं भरू नका.

मेख आहे ती अंतर शून्य होतं तिथे. मऊ गोळ्यांत अंतर निम्मं करा, ऊर्जा ४०९६ पट. पुन्हा निम्मं करा, आणखी ४०९६ पट. शून्यावर अनंत. तासगावची दोन द्राक्षं बोटांत धरून दाबा. चपटी होतील, पण एकीच्या मध्यावर दुसरीचा मध्य काही बसायचा नाही.

शास्त्रज्ञ स्टिलिंजरच्या १९७६ च्या गॉसियन मॉडेलमध्ये सिग्माएवढ्या अंतरावर ऊर्जा ०.३७ एप्सिलॉन (मॉडेलमधलं ऊर्जेचं माप), निम्म्यावर ०.७८, शून्यावर १. संपलं, त्याच्या वर काही नाही. शिवाय ढकलणारं बल आत जाताना आधी वाढतं, मग उतरतं आणि ऐन मध्यावर शून्य होतं! यावर "अणू एकमेकांत कसे घुसतील?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. अणूंचं नाव कुणी काढलं? हा द्रावणातल्या पॉलिमर साखळीचा गुंता आहे, सुताच्या गुंत्यासारखा, आत बहुतेक पोकळीच. दोन गुंत्यांची वस्तुमानकेंद्रं एका जागी आली तरी साखळीचे मणी एकमेकांवर चढत नाहीत. चांगल्या द्रावकात याची किंमत साधारण २ केटी (केटी म्हणजे त्या तापमानाच्या उष्णतेची ऊर्जा), बस्स.

आता दोन्ही दाबून बघा. १२ घाताच्या मऊ गोळ्यांत घनता आणि तापमान वेगळे उरतच नाहीत, चालते ती घनता भागिले तापमानाचं चौथं मूळ. म्हणजे दाबणं आणि थंड करणं एकच. एकदा गोठलं की दाबून वितळणार नाही. गॉसियन मात्र पुरेशा कमी तापमानाला दाबल्यावर गोठतो आणि आणखी दाबल्यावर पुन्हा वितळतो. केटी एप्सिलॉनच्या साधारण शंभराव्या भागापलीकडे गेलं, तर कितीही दाबा, स्फटिक होतच नाही.

मागे एक मुलगा विश्रामबागच्या टपरीवर लॅपटॉप घेऊनच आला. सिम्युलेशनमध्ये घनता वाढवली की त्याचा स्फटिक वितळायचा, दोन आठवडे बग शोधत बसला होता. चहा येईपर्यंत मी पोटेन्शियलची, म्हणजे ऊर्जेच्या सूत्राची, ओळ वाचली. कॉमेंटमध्ये 'सॉफ्ट स्फिअर', खाली गॉसियन. प्रोग्राम बरोबर होता, कॉमेंट तेवढी बदलायला लावली.