दाबाखालील फ्लुइडाइज्ड बेडमध्ये हलक्या प्रतीच्या कोळशाचे ज्वलन व उत्सर्जन

या पद्धतीत भरपूर राख व गंधक असलेला कोळसा १२ ते १६ बार (१ बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) दाबाखाली, हवेच्या झोताने खदखदणाऱ्या राख-चुनखडीच्या बेडमध्ये सुमारे ८५० अंश सेल्सिअसला जळतो. बेडमधल्या नळ्यांतली वाफ वाफेचे टर्बाइन फिरवते. ज्वलनातून निघालेला वायू (फ्लू गॅस) धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनमधून गॅस टर्बाइनकडे जातो. स्पेनमधील एस्कात्रोनच्या ७९ मेगावॉट संचात १९९०च्या दशकात तेरुएल भागातला गंधकयुक्त काळा लिग्नाइट असा जाळला गेला.

खरा फरक पडतो तो गंधकाच्या बाबतीत. साध्या दाबाच्या बेडमध्ये चुनखडीचा आधी कळीचा चुना होतो आणि मग तो सल्फर डायऑक्साइड पकडतो. इथे कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाबच (एकूण दाबातला त्याचा वाटा) दीड-दोन बार असतो. ८५० अंशांना चुनखडी भाजली जायची तर तो अर्ध्या बारच्या खाली हवा. त्यामुळे चुनखडी न भाजताच थेट सल्फेट बनते. डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा दगड) सरस ठरतो, कारण त्यातले मॅग्नेशियम कार्बोनेट फुटून कणाला छिद्रे पडतात. चुनखडीच्या कणावर मात्र सल्फेटचे कवच धरते आणि आतला भाग वाया जातो.

गंधक ७ टक्के, राख ३५ टक्के आणि कॅल्शियम-गंधक मोल गुणोत्तर २ (गंधकाच्या एका अणूमागे कॅल्शियमचे दोन) धरले, तर किलोभर कोळशाला सुमारे ४४० ग्रॅम शुद्ध चुनखडी लागते. ९० टक्के गंधक पकडला, तर मागे ८६० ग्रॅमच्या आसपास घन अवशेष उरतो. म्हणजे धुराड्यातला प्रश्न राखेच्या ढिगाऱ्यावर गेला, एवढेच. भारतीय कोळशाला हा हिशेब लागू नाही; त्यात गंधक बहुधा १ टक्क्याच्या आत असतो, भार पडतो तो राखेचा.

नायट्रोजन ऑक्साइडे मुख्यतः कोळशातल्याच नायट्रोजनपासून येतात. या तापमानाला हवेतला नायट्रोजन फारसा जळत नाही. उलट नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू कमी तापमानाला वाढतो. संचाचा भार (वीजनिर्मिती) उतरवताना बेडची उंची कमी करतात, तेव्हा उघड्या पडलेल्या नळ्या वायू थंड करतात आणि कार्बन मोनॉक्साइडही चढतो. त्यामुळे पूर्ण भारावरचे आकडे पाहून संच स्वच्छ ठरवू नये.

सायक्लोनमधून निसटलेली बारीक धूळ टर्बाइनची पाती झिजवते; धुराड्याआधी बॅग फिल्टर किंवा विद्युतभाराने धूळ ओढणारा इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर लागतोच. राख जास्त असली की सायक्लोनचे खालचे पाय (धूळ खाली नेणाऱ्या नळ्या) तुंबतात, आणि तुंबलेला सायक्लोन सगळी धूळ थेट पुढे सोडतो.