मॉडेल फिट बसणं वेगळं, टेस्टला उतरणं वेगळं

सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टात बिनधास्त लिहिलेलं असतं, मॉडेल डेटावर मस्त बसलं म्हणजे टेस्ट झालं. नाही हो. बसणं आणि टेस्टला उतरणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माणसाची आवडनिवड मोजताना तर ही गल्लत हमखास होते.

नाशकात बोलायचं तर मिसळच घेऊ. काळ्या मसाल्याची, लाल तर्रीची आणि चुलीवरची, अशा तीन. दहापैकी मार्क मागायचे नाहीत (ओळखीच्या मालकाला सगळे नऊच देतात), दोन-दोन समोर ठेवायच्या आणि विचारायचं, ह्यातली भारी कुठली? अशा जोड्यांसाठी मानसशास्त्रज्ञ थर्स्टनने 1927 साली एक नियम मांडला, तेच आपलं मॉडेल, की प्रत्येक वस्तूची मनात एका रेषेवर जागा असते पण ती जागा ठाम नसते, आज जरा वर उद्या जरा खाली, आणि हे हलणं नॉर्मल कर्व्हसारखं असतं, म्हणजे घंटेच्या आकाराचं, मधे जास्त, कडेला कमी.

आता समजा काळी लालला 75 टक्के वेळा हरवते आणि लाल चुलीवरचीला 75 टक्के वेळा. तिन्हींचं हलणं सारखंच आणि एकमेकांशी संबंध नसलेलं धरलं, तर काळी विरुद्ध चुलीवरची किती हे मॉडेलला रेषेवरची दोन अंतरं जोडून आधीच सांगावं लागतं: साधारण 91 टक्के. पळवाट नाही. भरपूर लोकांना विचारून तिथं 80 आलं तर मॉडेल गेलं. ही झाली टेस्ट. संख्याशास्त्रज्ञ मोस्टेलरने 1951 मध्ये ह्याच साध्या प्रकारासाठी काय-स्क्वेअर टेस्ट दिली, म्हणजे मॉडेलचे आकडे आणि आलेले आकडे ह्यांतला फरक योगायोगापेक्षा मोठा आहे का ते बघण्याची रीत.

आणि फिट? दोनच मिसळी घेतल्या तर टक्केवारी एक, काढायचं अंतरही एक, फिट कायम परफेक्ट आणि अर्थ शून्य. तीन मिसळींत प्रत्येकीचं हलणं वेगवेगळं धरलं तर मॉडेलच्या हातात चार आकडे येतात (दोन अंतरं, आणि एकीच्या हलण्याच्या तुलनेत बाकी दोघींचं हलणं), डेटा मात्र तीनच टक्केवारींचा. मग वरच्याच उदाहरणात तिसऱ्या जोडीत 75 च्या वर काहीही आलं तरी त्याला पचतं. 80 आलं? बसलं. 97 आलं? तेही बसलं. अशा फिटचं कौतुक ते काय करायचं! रॉबर्ट्स आणि पॅशलर ह्यांनी 2000 साली ह्याच दुखण्यावर पेपर लिहिला, की लोक फिट दाखवतात पण त्या मॉडेलला काय चाललं नसतं ते सांगतच नाहीत.

बरं, टेस्ट पास झाली तरी हेच मॉडेल खरं असं होत नाही. ब्रॅडली आणि टेरी ह्यांचं 1952 चं मॉडेल नॉर्मल कर्व्ह न वापरता गुणोत्तरांनी चालतं, 75 टक्के म्हणजे तीनास एक, मग तीनास एक गुणिले तीनास एक म्हणजे नवास एक, म्हणजे 90 टक्के. एक म्हणतं 91, दुसरं 90. शंभर जणांना विचारलं तर नुसत्या योगायोगानेच आकडा तीनेक टक्के इकडेतिकडे होतो, मग दोघांत डावं-उजवं कसं करणार?

एक गोष्ट मात्र दोघांनाही झेपत नाही, हलणं वेगवेगळं धरलेल्या त्या ऐसपैस मॉडेललाही नाही, ती म्हणजे वर्तुळ. काळी लालला हरवते, लाल चुलीवरचीला, आणि चुलीवरची परत काळीला. असं होऊ शकतं कारण माणूस एका जोडीत मसाला बघतो, दुसरीत तिखटपणा, तिसरीत धुराचा वास, म्हणजे रेष एक राहतच नाही. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्कीने 1969 मध्ये अशी फिरती पसंती प्रयोगात दाखवली होती.

पण इथंही घाई नको. प्रत्येक जण स्वतःपुरता सुसंगत असूनही सगळ्यांची मतं एकत्र केली की बहुमताचं वर्तुळ होऊ शकतं, हे फ्रेंच गणिती कॉन्डॉर्सेने अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय. म्हणून एकाच माणसाला तिन्ही जोड्या विचारायच्या आणि वर्तुळं माणसागणिक मोजायची, ते मोजण्याची रीत केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ ह्यांनी 1940 मध्ये दिलीय. त्यातही, नुसतं नाणं उडवून उत्तर देणाऱ्याचं तीन वस्तूंत सरासरी चारात एकदा वर्तुळ होतंच, त्यामुळे त्याच माणसाला त्याच जोड्या पुन्हा पुन्हा विचारल्याशिवाय त्याची आवड खरंच फिरतेय की तो उगाच बोट दाखवतोय हे कळायचं नाही.