हृदयाच्या झडपा आणि महाधमनी यांवरील शस्त्रक्रिया

हृदयातील चार झडपा आणि हृदयातून निघणारी महाधमनी यांच्या आजारांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा गट आहे. बिघडलेली झडप दुरुस्त करणे, ती काढून नवी बसवणे, फुगलेल्या किंवा चिरलेल्या महाधमनीच्या जागी कापडी नळी शिवणे, ही त्यातली मुख्य कामे. लोक याला ‘व्हॉल्व्हचं ऑपरेशन’ म्हणतात आणि पुष्कळदा बायपासशी त्याची गल्लत करतात. बायपासमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या, चोंदलेल्या वाहिन्यांना वळसा घालून नवी वाट काढतात. झडपेच्या शस्त्रक्रियेत हृदयच उघडावे लागते. झडप आणि महाधमनी यांचा विचार एकत्र होतो, कारण महाधमनीची झडप तिच्या मुळातच बसलेली असते. मूळ फुगले की झडपेच्या तीन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत आणि मुळात धडधाकट असलेली झडपही गळू लागते.

झडपा दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांचा बिघाड दोनच प्रकारचा: आवळणे किंवा गळणे, कित्येकदा एकाच झडपेत दोन्ही. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेचे तोंड एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली आले की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. जिना चढताना दम लागतो, रात्री दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपावे लागते, थुंकीतून रक्त पडते. तरुण स्त्रीमध्ये हा आजार कित्येकदा पहिल्या गरोदरपणात उघडा पडतो, कारण त्या काळात रक्ताचे प्रमाण वाढते आणि अरुंद झडपेला तो भार पेलत नाही.

भारतात झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. शाळकरी वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ते बरेही होतात. झडपेवरची सूज मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहते. दाटीवाटीची घरे आणि घशाच्या दुखण्याकडे होणारे दुर्लक्ष हे या आजाराचे खतपाणी. श्रीमंत देशांत झडपेचा नेहमीचा रुग्ण म्हणजे महाधमनीच्या झडपेवर चुना साठलेले सत्तरी-पंचाहत्तरीचे गृहस्थ. आपल्याकडच्या वॉर्डात त्याच खाटेवर पंचविशीची, कडेवर मूल असलेली बाई दिसते. कोणती झडप निवडायची, ती किती वर्षे टिकायला हवी, औषध कोण आणून देणार, हे सगळे प्रश्न या एका फरकातून निघतात आणि परदेशी पुस्तकातली उत्तरे तिला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

या शस्त्रक्रियेची सुरुवात अडखळतच झाली. 1923 मध्ये बॉस्टनमध्ये एलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची आवळलेली द्विदल झडप सुरीने कापून सैल केली. ती मुलगी आणखी चार वर्षांहून अधिक जगली. 1925 मध्ये लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून बोट आत घालून झडप रुंदावली. रुग्ण वाचली, पण त्यानंतर सूटर यांच्याकडे असा रुग्ण कोणी पाठवलाच नाही. धडधडत्या हृदयात हात घालणे त्या काळच्या वैद्यांना पटणारे नव्हते. ही वाट पुन्हा उघडायला 1948 उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत बेली व हार्कन आणि इंग्लंडमध्ये ब्रॉक यांनी ती यशस्वी करून दाखवली. मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांतही पुढे झडप ‘बंद’ पद्धतीने, म्हणजे बोटाने आणि मग फाकवण्याच्या हत्याराने, मोकळी करण्याच्या असंख्य शस्त्रक्रिया झाल्या. 1953 मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र मानवावर यशस्वीपणे वापरले आणि हृदय थांबवून आत निवांत काम करण्याची सोय झाली.

आज ‘पंपावर घेणे’ म्हणतात ते हेच. छातीचे मधले हाड उभे कापतात, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, अशुद्ध रक्त नळीने यंत्रात घेऊन त्यात प्राणवायू मिसळून ते महाधमनीत परत सोडतात. मग महाधमनीला चिमटा लावून हृदयात पोटॅशियमयुक्त थंड द्रावण सोडले की ते शांत होते. जुनी झडप कापून काढतात, तिथल्या कड्याचे माप घेतात आणि कड्याभोवती एकेक टाका घेत जातात. प्रत्येक टाक्याचे दुसरे टोक नव्या झडपेच्या कापडी किनारीतून ओवलेले असते. सगळे धागे ताणून धरलेले, झडप मात्र अजून हातभर वर, अशी ती क्षणभर छत्रीसारखी दिसते. मग धाग्यांवरून घसरवत तिला जागेवर बसवतात आणि गाठी मारतात. चिमटा काढला की कोमट रक्त आत शिरते आणि बहुतेक वेळा हृदय आपणहून पुन्हा सुरू होते.

पहिली टिकाऊ कृत्रिम झडप 1960 मध्ये आली. पोर्टलंडचे शल्यविशारद आल्बर्ट स्टार आणि अभियंते लोवेल एडवर्ड्स यांची ती पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप. पुढे कलणारी चकती आणि मग दोन अर्धगोल पाकळ्यांच्या कार्बनच्या झडपा आल्या. धातू-कार्बनच्या या यांत्रिक झडपा जन्मभर पुरू शकतात, पण त्यांच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी कायम घ्यावी लागते. डुकराच्या झडपेपासून किंवा गाई-म्हशींसारख्या जनावरांच्या हृदयावरणापासून केलेल्या जैविक झडपेला अशी कायमची गोळी बहुधा लागत नाही. पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण शरीरात तर आणखी लवकर कडक होते. म्हणजे तिशीतल्या रुग्णाला एकतर रोजची गोळी नाहीतर दुसरी शस्त्रक्रिया.

आयात झडप परवडत नाही, या अडचणीतून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडपेचे काम सुरू झाले. सुरुवातीचे तीन नमुने बाद झाले. चौथ्याची चौकट कोबाल्टमिश्रित धातूच्या एकाच ठोकळ्यातून, कुठेही जोड न देता कोरलेली होती आणि चकती साध्या पण चिवट पॉलिथिलीनची. 6 डिसेंबर 1990 रोजी ती प्रथम माणसाला बसवली गेली. ‘चित्रा व्हॉल्व्ह’ या नावाने ती आजवर एक लाखाहून अधिक लोकांना लाभली आहे. भारतीय वैद्यकातल्या मोठ्या कामगिऱ्यांत तिला मिळायला हवे तितके स्थान मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शक्य असेल तिथे झडप बदलण्यापेक्षा दुरुस्त करणे चांगले. फ्रान्सचे आलँ कार्पान्तिए यांनी द्विदल झडपेच्या दुरुस्तीला शास्त्राचे रूप दिले: सैल पाकळी आवळायची, पाकळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटल्या असतील तर नव्या घालायच्या, पसरलेल्या कड्यावर कडी शिवायची. ऱ्हुमॅटिक झडप जाड आणि चिकटलेली असल्याने हे काम तिथे अवघड जाते. पाकळ्या फक्त कडेला चिकटल्या असतील आणि गळती नसेल, तर छाती न उघडता जांघेतून फुगा नेऊन झडप रुंदावता येते. जपानच्या कान्जी इनोऊए यांचा हा फुगा 1980 च्या दशकात आला आणि भारतातल्या हजारो तरुण रुग्णांची शस्त्रक्रिया त्याने टाळली किंवा लांबवली. वृद्धांच्या महाधमनी झडपेसाठी 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी नळीवाटे झडप बसवली. ‘टावी’ नावाने ती पद्धत आता भारतातही रुळली आहे.

महाधमनीची शस्त्रक्रिया सर्वांत जोखमीची. मार्फान विकार (शरीराला आधार देणारे धागे जन्मतः कमकुवत असणे), जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप, किंवा वर्षानुवर्षे न आवरलेला रक्तदाब यांमुळे ती फुगते. रुंदी साडेपाच सेंटिमीटरवर गेली की सहसा शस्त्रक्रिया सुचवतात, मार्फानमध्ये पाचवरच. त्याआधीच आतले अस्तर चिरले तर रक्त भिंतीच्या थरांत घुसते आणि छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ येते. ही चीर हृदयाजवळच्या भागात असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूची शक्यता सुमारे एक ते दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून रुग्णाला रात्रीच टेबलावर घेतात. पाठीकडच्या भागातली चीर मात्र पुष्कळदा रक्तदाब उतरवूनच सांभाळतात.

मूळ आणि झडप दोन्ही बदलायची तर झडप शिवलेली नळी बसवतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही वाहिन्या तिला जोडतात. 1968 मध्ये लंडनच्या ह्यू बेंटॉल यांनी वर्णिलेली ही पद्धत त्यांच्याच नावाने चालते. झडप चांगली असेल तर तीच नळीच्या आत पुन्हा शिवायची रीत टोरंटोच्या टिरोन डेव्हिड यांनी रूढ केली. महाधमनी जिथे वळते त्या कमानीचे काम असेल तर शरीर वीस अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण थांबवतात आणि मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देत राहतात. डेक्रॉन कापडाच्या नळ्यांचे जनक मायकेल डीबेकी यांनी पहिल्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. 2005 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांची स्वतःची महाधमनी चिरली; काही आठवड्यांनी त्यांच्याच पद्धतीने शस्त्रक्रिया झाली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य हा उपचाराचाच भाग आहे. यांत्रिक झडप असलेल्याने ‘आयएनआर’ ही रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी नियमित करावी लागते. महाधमनी झडपेसाठी ती सर्वसाधारणपणे 2 ते 3, द्विदल झडपेसाठी 2.5 ते 3.5 या दरम्यान ठेवतात. मेथी-पालक सोडायची गरज नसते, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा मुळीच नाही असे केले तर गोळीचा हिशेब बिघडतो. मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण पहिल्या तिमाहीत वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी हीच गोळी, गर्भाला बाधते. दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते आणि ऱ्हुमॅटिक रुग्णाला दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलल्यावरही चुकवता येत नाही. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियांचा समावेश महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. पण गावापासून तपासणी केंद्रापर्यंतचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांपायी आयएनआर सुटते, आणि झडपेवर गुठळी धरते.

रात्री सामसूम असताना धातूची झडप मिटल्याचा टिकटिक आवाज शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो. सुरुवातीला झोप लागत नाही, मग सवय होते. तो आवाज अचानक मंद किंवा बोदा झाला आणि सोबत दम लागू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठून इको करून घ्यावा.