क्वार्टरबॅक म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

15 नोव्हेंबर 2015 ची दुपार, अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. अमेरिकी फुटबॉलमधल्या ब्राँकोज संघाचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग कॅन्सस सिटीविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा त्याला फक्त 3 यार्ड हवे होते. तेवढे मिळाले की चेंडू फेकून सर्वाधिक यार्ड कमावण्याचा ब्रेट फार्वचा 71,838 यार्डांचा विक्रम मोडणार होता. पहिल्याच सत्रात तो मोडला. टाळ्या झाल्या, खेळ क्षणभर थांबला. आणि तिसऱ्या सत्रात प्रशिक्षकाने याच माणसाला बाहेर बसवलं. तोवर त्याने 20 वेळा चेंडू फेकला होता. त्यातले 5 आपल्या माणसांच्या हातात गेले आणि 4 समोरच्यांच्या.

फुटबॉल म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे मेस्सी येतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला तो क्वार्टरबॅककडे येतो. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात अंगावर धावून येणारे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी चुकवायचे, पळणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि तो जिथे पोहोचणार आहे तिथे चेंडू फेकायचा. चेंडू समोरच्या संघाने मधेच झेलला तर ते इंटरसेप्शन. क्वार्टरबॅकची सगळ्यात मोठी नामुष्की तीच.

फेकीची प्रत मोजायला तिथे एक गुणांक वापरतात. तो 0 पासून 158.3 पर्यंत जातो. (या आकड्यामागचं सूत्र इतकं विचित्र आहे की ते समजून न घेताच लोक आयुष्य काढतात.) त्या दुपारी मॅनिंगचा गुणांक 0 होता. गंमत म्हणजे प्रत्येक चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला असता तरी सूत्राने त्याला 39.6 गुण दिले असते.

मॅनिंग तेव्हा 39 वर्षांचा होता. बाकावर बसला होता राखीव क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वायलर, वय 24, उंची साडेसहा फुटांच्या वर. त्या संध्याकाळपासून डेन्व्हरमध्ये एकच विषय होता: म्हाताऱ्याला ठेवायचं की पोराला आणायचं? अशा वादात एक बाजू म्हणते, ‘संपला तो.’ दुसरी म्हणते, ‘एका सामन्यावरून कसलं ठरवता?’ दोन्ही वाक्यं विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघता येतात.

आधी शरीर. मॅनिंगच्या बाबतीत वयाआधी मानेने दगा दिला होता. मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूवर दाब आला आणि उजव्या हाताच्या ट्रायसेप्सची, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूची, ताकद गेली. कोपर झटक्यात सरळ करायला हाच स्नायू लागतो. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, शेवटी दोन मणके एकमेकांना जोडावे लागले आणि 2011 चा अख्खा मोसम बुडाला. दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण फार संथ. दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर मनातल्या मनात मोजा, म्हणजे त्याला वर्ष का लागलं ते कळेल. पुढे बोटांपर्यंत पोचायची तर गोष्टच सोडा. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना संवेदना परत आलीच नाही, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. चेंडू सोडताना त्याला फिरकी देतात ती हीच बोटं.

2015 मध्ये भर पडली डाव्या टाचेच्या दुखण्याची. चेंडू फेकण्याचा टाचेशी काय संबंध, असं वाटेल. पण वेगवान गोलंदाज पुढचा पाय कसा रोवतो ते आठवा. पायाने जमीन दाबायची, तो जोर कमरेतून धडात, धडातून खांद्यात, तिथून कोपरात आणि शेवटी बोटांत न्यायचा. टेनिसच्या सर्व्हिसवर झालेल्या मोजमापांत असं दिसलंय की फटक्यातली जवळपास निम्मी ऊर्जा पाय आणि धड पुरवतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा पुढे रोवायचा पाय डावा. तो रोवताना कळ येत असेल तर माणूस नकळत तो हलका ठेवतो आणि सगळा भार आधीच अधू झालेल्या हातावर येतो.

आता हे सगळं धरून फेकीचा वेग किती कमी होईल? समजा ताशी 88 किलोमीटरचा 80 झाला. दहा टक्क्यांहून कमी घट, टीव्हीवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. 20 मीटर लांबचा गडी धरा. आधी चेंडू 0.82 सेकंदात पोचायचा, आता 0.90 सेकंद लागतात. फरक सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याएवढा. पण प्रतिस्पर्धी सेकंदाला 8 मीटर वेगाने चेंडूकडे झेपावत असतो. तेवढ्या वेळात तो 64 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट जास्त कापतो. पूर्वी ज्या चेंडूला त्याची फक्त बोटं लागली असती तो आता त्याच्या तळव्यात येतो.

मला या सगळ्या प्रकरणात हा हिशोब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाताची ताकद हळूहळू, उतारावरून उतरल्यासारखी कमी होते. निकाल मात्र कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. चाहत्यांना निकाल दिसतो, उतार दिसत नाही. म्हणून ‘गेल्या वर्षीपर्यंत तर ठीक होता’ हे वाक्य प्रत्येक म्हाताऱ्या खेळाडूबद्दल ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. 2013 मध्ये मॅनिंगने 55 टचडाउन (म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) फेकून एका मोसमाचा विक्रम केला होता. 2014 मध्ये 39. आणि 2015 च्या मोसमात 9, सोबत 17 इंटरसेप्शन.

पण मग उतार इतकी वर्षं लपून कसा राहतो? याचं उत्तर डोक्यात आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये ‘स्टारक्राफ्ट 2’ हा संगणकावरचा युद्धखेळ खेळणाऱ्या 3,305 जणांच्या नोंदी तपासल्या. खेळाडू 16 ते 44 वयाचे. पडद्यावर नवीन काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ मोजला तर तो 24 व्या वर्षापासूनच वाढायला लागतो. चोविसाव्या! पण मोठ्या वयाचे खेळाडू त्या प्रमाणात हरत नव्हते. त्यांनी सोपे मार्ग शोधले होते, कमी हालचालींत तेच काम उरकायच्या युक्त्या.

बुद्धिबळातला एक जुना प्रयोगही याच वळणाचा आहे. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एका उस्ताद खेळाडूला आणि एका नवशिक्याला खऱ्या डावातला पट 5 सेकंद दाखवला. उस्तादाने त्यातल्या बऱ्याचशा सोंगट्या बरोबर मांडून दाखवल्या, नवशिक्याला मोजक्याच आठवल्या. मग सोंगट्या कशाही विखुरल्या, आणि उस्तादाचा वरचष्मा जवळपास नाहीसा झाला. त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती, त्याला ओळखीचे आकार दिसत होते. मॅनिंगही समोरच्या संघाची मांडणी अशीच वाचायचा. चाल सुरू होण्याआधी हातवारे करत, ‘ओमाहा, ओमाहा’ ओरडत तो ठरलेली चाल जागच्या जागी बदलायचा. चेंडू कुठे जाणार हे अर्धा सेकंद आधी ठरलं तर हाताचा वेग थोडा कमी चालतो.

म्हणजे एकीकडे हात खर्च होत असतो आणि दुसरीकडे डोक्यात जमा होत असते. बरीच वर्षं जमा-खर्चाचा मेळ बसतो. मग एक दिवस हात इतका मागे पडतो की डोकं काहीच करू शकत नाही. माणसाला योग्य जागा दिसते, तो योग्य वेळी फेकतो, आणि चेंडू पोचत नाही.

आता दुसरी बाजू: एका सामन्यावरून काय ठरतं? सहसा काहीच नाही. हे मात्र मोजता येतं. सबंध कारकिर्दीत मॅनिंगच्या 9,380 फेकींपैकी 251 इंटरसेप्ट झाल्या, म्हणजे 2.7 टक्के. हाच दर कायम असेल तर 20 फेकींत 4 किंवा अधिक जाण्याची शक्यता साडेपाचशेत एक. दर वाढून 5.1 टक्के झाला असेल (त्या मोसमात 331 पैकी 17, तो सामना धरून) तर तीच शक्यता साठात एक. दोन्ही दुर्मिळच, पण दुसरी पहिलीच्या नऊ-दहा पट. म्हणजे ती दुपार निव्वळ दुर्दैवाची नव्हती, काहीतरी बदललं होतं. फेकी एकमेकींवर अवलंबून असतात, पिछाडीवर पडलेला माणूस जास्त धोका पत्करतो, तेव्हा हा आकडा तंतोतंत धरू नका. कल कुठे आहे ते मात्र स्पष्ट आहे.

हीच मोजपट्टी ऑस्वायलरला लावू. 2015 च्या आधीच्या तीन मोसमांत त्याने खऱ्या सामन्यांत चेंडू फेकला होता एकूण 30 वेळा. तीस! यावरून तुम्ही माणसाबद्दल काय सांगणार? अमेरिकेत जुना विनोद आहे की गावातला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. त्याने अजून कुणाला निराश केलेलं नसतं. आकडेवारीच्या भाषेत, त्याची नमुनासंख्या इतकी छोटी असते की उरलेली जागा आपण आपल्या आशेने भरतो. जुन्या माणसाचा मात्र प्रत्येक दोष आपल्याला पाठ असतो. घरोघरी सुना आणि जावई याच न्यायाने तोलले जातात, पण ते असो.

ऑस्वायलरचा पहिला सामना त्याच्या 25 व्या वाढदिवशी आला, शिकागोविरुद्ध. जिंकला. पुढच्या रविवारी रात्री, बर्फ पडत असताना, तोवर एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंडला त्याच्या संघाने जादा वेळेत 30-24 ने हरवलं. झालं! पोराला ठेवा, म्हाताऱ्याला निरोप द्या. त्या मोसमात त्याने 275 फेकींत 6 इंटरसेप्शन दिली. चांगला आकडा आहे, पण इतक्या छोट्या संख्येत 6 च्या जागी 3 किंवा 9 झाली असती तरी कुणी चमकायचं कारण नव्हतं. शिवाय त्या वर्षी डेन्व्हरचा बचाव लीगमध्ये सर्वोत्तम होता. मॅनिंग वाईट फेकत असतानाही संघ पहिले 7 सामने ओळीने जिंकला होता. विजयाचं श्रेय क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकायची सवय दोघांच्याही बाबतीत फसवी होती.

‘म्हातारेही खेळतातच की’ म्हणणारे टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकचं नाव घेतात. 43 व्या वर्षी त्याने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. पण वयानुसार कामगिरीची सरासरी काढताना एक गफलत हमखास होते. चाळिशीत मैदानावर दिसतात ते टिकलेले. जे सदतिसाव्या वर्षी ढासळले ते घरी गेले, सरासरीत आलेच नाहीत. उरलेल्यांवरून आलेख काढला तर म्हातारपण फारच सुखाचं दिसतं. ब्रेट फार्वचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. 2008 मध्ये ग्रीन बे संघाने त्याला सोडून त्याच्या जागी ॲरन रॉजर्सला आणलं. पहिल्या मोसमात रॉजर्सचा संघ 16 पैकी 10 सामने हरला आणि जुन्या पक्षाचे लोक ‘सांगितलं नव्हतं?’ म्हणायला मोकळे झाले. पुढच्या वर्षी चाळिशीच्या फार्वने मिनेसोटाकडून 33 टचडाउन फेकले, इंटरसेप्शन फक्त 7. त्याच्या पुढच्या वर्षी 11 आणि 19. पुन्हा तोच कडा. त्याच मोसमात रॉजर्सने सुपर बोल जिंकला.

डेन्व्हरला परत येऊ, कारण तिथे अजून एक वळण बाकी आहे. 3 जानेवारी 2016, साखळीतला शेवटचा सामना, सॅन डिएगोविरुद्ध. ऑस्वायलर खेळत होता, चेंडू वारंवार हातचा जात होता आणि संघ 13-7 ने मागे होता. तिसऱ्या सत्रात प्रशिक्षक गॅरी कुबियाकने मॅनिंगला उठवलं. हा कुबियाक स्वतः नऊ मोसम डेन्व्हरचाच राखीव क्वार्टरबॅक होता, आणि ज्याच्या मागे तो बसायचा तो जॉन एलवे आता संघाचा कारभार बघत होता. एलवेने स्वतः दोन सुपर बोल जिंकले ते 37 आणि 38 व्या वर्षी. म्हाताऱ्या-पोराचा वाद या दोघांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मॅनिंगने उरलेल्या सामन्यात चेंडू फेकला फक्त 9 वेळा. 5 पोचले, 69 यार्ड, टचडाउन एकही नाही. पण समोरची मांडणी वाचून तो संघाला योग्य चालीत घालत राहिला, चेंडू घेऊन पळणाऱ्यांना वाटा मिळायला लागल्या आणि डेन्व्हर 27-20 ने जिंकलं. हात जवळपास बाजूला ठेवून फक्त डोकं खेळवलं तर काय होतं, याचा इतका स्वच्छ नमुना प्रयोगशाळेतही मिळायचा नाही.

त्याच बेताने ते सुपर बोलपर्यंत गेले आणि 7 फेब्रुवारीला कॅरोलायनाला 24-10 ने हरवून तो जिंकलाही. मॅनिंगचे आकडे त्यातही बेताचेच होते, 23 पैकी 13, 141 यार्ड. सामनावीर ठरला बचाव फळीतला व्हॉन मिलर.

मॅनिंगने 7 मार्चला निवृत्ती जाहीर केली. 9 मार्चला ऑस्वायलर चार वर्षांच्या 7 कोटी 20 लाख डॉलरच्या करारावर ह्यूस्टनला गेला. तिथे नमुनासंख्या वाढली: 510 फेकी, 15 टचडाउन, 16 इंटरसेप्शन. वर्षभरात ह्यूस्टनने त्याला क्लीव्हलंडकडे ढकललं, आणि तो घ्यावा म्हणून वर नवे खेळाडू निवडण्याचा एक मौल्यवान हक्कही देऊन टाकला.

डेन्व्हरने नवा मोसम सुरू केला ट्रेव्हर सिमियनला घेऊन. व्यावसायिक सामन्यांत तोवर त्याच्या वाट्याला एकच चाल आली होती, आणि तीत त्याने वेळ काढण्यासाठी चेंडू घेऊन गुडघा टेकवला होता.