विमानाचा जुना रंग उतरवताना

विमान रंगवण्याच्या कामात खरी कसोटी लागते ती जुना रंग उतरवताना. पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हताच. १९३० च्या दशकातलं डीसी-३ हे प्रवासी विमान बहुधा उघड्या ॲल्युमिनियमचंच दिसे. मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असे. तो गंज रोखायचा आणि घासून चमकवता यायचा. वजनही वाचायचं, कारण बोईंग ७४७ पूर्ण रंगवलं तर रंगच २५० किलोच्या आसपास भरतो.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॅनिफ कंपनीने डिझायनर अलेक्झांडर जिरार्डकडून विमानांसाठी एकेक भडक रंग निवडून घेतला. पुढे रंग हीच कंपनीची ओळख होत गेली. ओळख बदलली किंवा विमान विकलं गेलं, की रंग बदलणं आलं.

थरावर थर चढवत राहिलं तर वजन वाढतं. रडरसारख्या (शेपटीवरच्या सुकाणूसारख्या) हलत्या भागांचा तोल ढळला तर उडताना ते धोकादायकरीत्या थरथरू शकतात. म्हणून जुना रंग काढायचा. पण तो मुळात निघू नये म्हणूनच बनवलेला. उंचावरची उणे ५५ अंशांची थंडी, धावपट्टीवरचं ऊन आणि साधा रंग विरघळवणारं हायड्रॉलिक तेल, हे सगळं पॉलियुरेथेन या चिवट रंगाचा थर सोसतो. तो सोडवायला वर्षानुवर्षं मिथिलीन क्लोराइड हे विषारी द्रावण वापरलं गेलं. खालच्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरात, क्रोमेट, म्हणजे कर्करोगकारक क्रोमियम. हे खरवडणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार फार उशिरा झाला, याचं वाईट वाटतं. आता बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली द्रावणं आली आहेत.

हत्यारांनीही घात केला. २००० च्या दशकात जुन्या बोईंग ७३७ च्या पत्र्यांवर बारीक चरे सापडले. पुन्हा रंगवण्याआधी सांध्यांतल्या फटी बुजवणारं सीलंट धारदार हत्याराने काढताना ते पडले होते. प्रत्येक उड्डाणात केबिनमधला दाब वाढतो आणि उतरतो. त्या ताणाने चऱ्याची भेग होते. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेने तपासणी सक्तीची केली.

मग धातूच्या जागी कार्बन फायबर आलं. ते चमकवता येत नाही आणि अतिनील किरणांपासून झाकावंच लागतं. दशकानुदशकं धातूची झळाळी मिरवणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सनेही २०१३ मध्ये चंदेरी रंग स्वीकारला. धातूसाठीची द्रावणं इथे कार्बनचे धागे धरून ठेवणाऱ्या रेझिनलाच खातात, त्यामुळे रंग जपून घासून काढायचा. खाली विजेपासून बचाव करणारी तांब्याची बारीक जाळी असते.

ती जाळीच मोठ्या वादाचं कारण ठरली. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या रंगात सजवण्यासाठी कतार एअरवेजने एक एअरबस ए३५० आयर्लंडमधल्या शॅननला धाडलं होतं. रंग उतरवताना पृष्ठभाग बिघडल्याचं दिसलं; इतर विमानांतही काही ठिकाणी जाळी उघडी पडली होती. कतारच्या हवाई नियामकाने २० हून अधिक विमानांचं उड्डाण थांबवलं. एअरबसचं म्हणणं, सुरक्षेला धोका नाही. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं.