काळ्या जोडीची पिवळी पिल्लं: कुत्र्यांच्या रंगामागची वंशावळ

दादरला आमच्या शेजारच्या काकांच्या काळ्या लॅब्रॅडॉर कुत्रीला गेल्या पावसाळ्यात आठ पिल्लं झाली. बापही काळाच, दोघांचे पेपर्स चोख. पिल्लं मात्र पाच काळी, दोन पिवळी आणि एक चॉकलेटी. बघायला आलेल्या पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "काका, मेटिंग नक्की त्याच कुत्र्याशी झालं होतं ना?" काकांचा चेहरा उतरला.

हा संशय फार जुना आहे. इंग्लंडमध्ये केनेल क्लब 1873 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी कुत्र्यांची पहिली वंशनोंदवही छापली गेली. आईबाप, आजा-पणजा सगळे कागदावर आले, पण रंग पिढीतून पिढीत कसा उतरतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या काळी शिकलेल्या लोकांचाही समज होता की मादीला आधी लागलेल्या नराचा अंश तिच्या पुढच्या पिल्लांत उतरतो. लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीला आधी क्वागापासून, म्हणजे झेब्र्याच्या एका पट्टेदार भाऊबंदापासून, शिंगरू झालं होतं. पुढे काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या तिच्या शिंगरांच्या पायांवरही पट्टे दिसले, म्हणून हा समज घट्ट बसला. डार्विननेही तो मानला. 1890 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ कोसार युअर्ट यांनी झेब्रे आणि घोड्यांवर प्रयोग करून तो खोडून काढला. पण तोवर कितीतरी निर्दोष कुत्र्या 'बिघडलेल्या' ठरल्या होत्या, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

लॅब्रॅडॉरमध्ये तेव्हा मान फक्त काळ्याला होता. वेगळ्या रंगाची पिल्लं पुष्कळदा जन्मताच मारून टाकली जात. अशात 1899 मध्ये मेजर रॅडक्लिफ यांच्याकडे काळ्या जोडीपोटी 'बेन ऑफ हाइड' जन्मला. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर तोच. पुढच्याच वर्षी, 1900 मध्ये, मेंडेलचं वाटाण्यावरचं विस्मृतीत गेलेलं काम पुन्हा उजेडात आलं, आणि बेनचं कोडं सुटण्याची वाट मोकळी झाली.

लॅब्रॅडॉरच्या रंगाचा हिशेब दोन जागी होतो. एका जागी रंगद्रव्य काळं बनायचं की तपकिरी, हे ठरतं. दुसऱ्या जागी ते केसात उतरणार की केस पिवळे राहणार, हे ठरतं. प्रत्येक जागी जनुकाची एक प्रत आईची, एक बापाची. तपकिरी आणि पिवळा दोन्ही अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणारे. काळ्या कुत्र्याच्या पोटात ते दोन्ही दडलेले असू शकतात. अशा काळ्या जोडीला सोळात सरासरी नऊ काळी, तीन चॉकलेटी आणि चार पिवळी पिल्लं होतात. उलट, दोन पिवळ्यांना काळं पिल्लू होत नाही. झालं, तर संशयाला जागा आहे.

पिवळ्याचं नाक जरूर बघा. नाक आणि पापण्यांची कड काळी असेल, तर त्याच्यात काळ्याची एक तरी प्रत आहे. तपकिरी असेल, तर ते मुळात चॉकलेटी आहे, फक्त केसात रंग उतरलेला नाही. कागदापेक्षा नाक कधीकधी जास्त बोलतं!

अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ क्लॅरन्स कुक लिटल यांनी 1957 मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची बरीचशी मांडणी टिकली, पण एक गोष्ट चुकली. लॅब्रॅडॉरसारखा प्रभावी काळा रंग त्यांनी ज्या जनुकाच्या खात्यात टाकला, ते खातंच वेगळं निघालं. 2007 मध्ये कळलं की त्यामागे डिफेन्सिन गटातलं, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातलं, एक जनुक आहे. जर्मन शेफर्डचा काळा तर आणखी निराळा: तो अप्रभावी, म्हणून आईबाप दोघेही काळा-तपकिरी अशा दुरंगी अंगाचे असले तरी त्यांना अख्खं काळं पिल्लू होऊ शकतं. 'काळा' या एका नोंदीखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

आता गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की जनुकं कळतात, बापाचीही खात्री होते. तरी वंशावळ लागतेच. ठिपकेदार मर्ल रंगाच्या दोन कुत्र्यांचं मेटिंग केलं, तर मर्लच्या दोन्ही प्रती मिळालेली पिल्लं बहिरी किंवा आंधळी होण्याचा मोठा धोका असतो. मुंबईत 'वेगळा रंग' म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी आधी आईबापांचे रंग विचारावेत, ही माझी कळकळीची विनंती.

काकांकडच्या पिल्लांच्या वंशावळीचा कागद आम्ही टेबलावर पसरला. तीन पिढ्या, चौदा पूर्वज. आईची आई पिवळी. म्हणजे आईत पिवळा असणारच, शंकाच नको. बापाकडचे सगळे काळे, आणि चॉकलेटी तर दोन्हीकडे कुठेच नाही. कागदावर पूर्वज असतात, त्यांची भावंडं नसतात, आणि दडलेला रंग बहुतेक वेळा भावंडांतच दिसतो. जी पिल्लं विकली गेली नाहीत, मेली किंवा नोंदवलीच गेली नाहीत, त्यांच्यासोबत ती माहितीही जाते.

म्हणून काकांनी वही केली. जन्मवेळ, वजन, रंग, नाकाचा रंग, कुणाकडे गेलं. पिवळ्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी गेलं, नोंदणी सातांचीच झाली. वहीत आठ ओळी आहेत. पिवळ्यांची नाकं जन्मतः गुलाबी असतात, रंग नंतर भरतो. म्हणून आठव्या ओळीतला नाकाचा रकाना काकांनी कोराच ठेवलाय.